कैफियत, मोजदाद आणि प्रमाण

मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बालाघाटाच्या उंचसखल आणि पाण्याला पारख्या माळावर वसलेले लिंबागणेश हे गाव भाविकांना भालचंद्र गणेशाचे क्षेत्र म्हणून परिचित आहे. या प्रकरणात मात्र आपण तिकडे वळणार आहोत ते देवदर्शनासाठी नव्हे, तर त्या टापूतील, किंबहुना सबंध बीड जिल्ह्यातील, ऊसतोडणीवर जाणाऱ्या स्त्रियांच्या एका दुखण्यासाठी. कारण वैद्यकातील पुरावा कसा वाचावा, कोणता ग्राह्य धरावा आणि कोणता फेरतपासणीसाठी परत पाठवावा, याचा धडा महाराष्ट्रात याहून अधिक स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच मिळेल.

दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील हजारो कुटुंबे मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या फडांवर जातात आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, आणि हिशेब त्या कोयत्याचा. दोघांपैकी एकाने जरी एक दिवस दांडी मारली, तरी तो ‘खाडा’ म्हणून उचलीच्या खात्यावर चढतो. पहाटे अंधारात कोपीबाहेर चूल पेटवायची, मग फडात वाकून मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवायच्या, पाळीच्या दिवसांतही त्यात खंड पडू द्यायचा नाही, आणि आडोसा किंवा पुरेसे पाणी यांपैकी कशाचीही शाश्वती नाही, अशा दिनक्रमात कंबर धरणे, ओटीपोटात दुखणे, अंगावरून पांढरे जाणे या तक्रारी निर्माण झाल्या तर नवल नाही. हंगाम संपल्यावर बाई गावाकडे येते, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी खासगी दवाखाना गाठते, आणि बऱ्याच वेळा तिला सांगण्यात येते की पिशवी खराब झाली आहे, ती वेळीच काढली नाही तर पुढे कॅन्सर होईल. दोन-तीन लेकरे झालेली, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रियाही उरकलेली, वय मात्र चाळिशीच्या पुष्कळ आत. अशी ती स्त्री नवी उचल घेऊन पिशवी काढून टाकते.

ही हकीकत २०१९ साली वर्तमानपत्रांतून गाजली, आणि त्या वर्षी जूनमध्ये सरकारने विधिमंडळात सांगितले की बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढण्यात आली. पाठोपाठ डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची मोजदाद झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्याआधी दोनशे स्त्रियांच्या एका लहानशा पाहणीत हेच प्रमाण ३६ टक्के निघाले होते. आणि २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये ते देशभरात ३.२ टक्के, तर महाराष्ट्रात अवघे २.६ टक्के होते.

या आकड्यांपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण येथेच वाचकाची पहिली परीक्षा होते. छत्तीस टक्के हा आकडा भाषणात टाळ्या घेतो, पण ज्या दोनशे स्त्रिया पाहणीस मिळाल्या त्या कोणत्या, हे कळल्यावाचून त्याचा उपयोग इशाऱ्यापलीकडे करता येत नाही. ज्या स्त्रीला काही सोसावे लागले आहे, तीच आपली कैफियत सांगण्यास आधी पुढे येते, हा मनुष्यस्वभाव आहे. त्या मानाने ८२ हजारांची गणना अधिक भरवशाची, आणि तिचे उत्तर शेकडा सतराच्या आसपास. हे ३.२ शी ताडून पाहतानाही, एकीकडे सर्व थरांतील स्त्रिया आहेत आणि दुसरीकडे केवळ एका कष्टकरी वर्गातील, हा भेद विसरता कामा नये. हे सगळे लक्षात ठेवूनही तफावत पाचपट दिसते, आणि पाचपट ही अशी तफावत आहे की ती नमुन्याच्या दोषाने किंवा वयाच्या फरकाने पुसली जात नाही. मात्र मोजदाद आपल्याला काय घडले एवढेच सांगते. या शस्त्रक्रियांपैकी किती आवश्यक होत्या, हे तिच्यातून निघत नाही. त्यासाठी निराळ्या जातीचे प्रमाण लागते.

प्रमाणाचा विचार आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेत परीक्षेची चार साधने मानली आहेत: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. खेड्यातील रुग्णाच्या वाट्याला यांपैकी पहिलेच काय ते येते. डॉक्टर म्हणतात तेच प्रमाण. पाश्चात्त्य वैद्यकही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतांशी आप्तवाक्यावरच चालत होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. आर्ची कॉक्रन या ब्रिटिश वैद्याने १९७२ साली एका छोटेखानी पुस्तकात असा आग्रह धरला की कोणताही उपचार, रुग्णांची चिठ्ठ्या टाकून केल्याप्रमाणे निःपक्ष विभागणी करून, दुसऱ्या उपचाराशी ताडून पाहिल्याविना स्वीकारू नये. आणि पुढे त्यांनी सर्व वैद्यकशाखांत पुराव्याच्या बाबतीत सर्वांत मागासलेली म्हणून लाकडी चमचा बहाल केला तो नेमका प्रसूती व स्त्रीरोगाच्या शाखेला. ती टीका वर्मी लागली. त्यांच्या नावाने १९९३ मध्ये उभ्या राहिलेल्या संस्थेचा पायाच बाळंतपणाविषयीच्या प्रयोगांच्या संकलनाने घातला गेला, आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २००७ साली वर्गणी भरून त्या संस्थेचे ग्रंथालय भारतातील कोणाही वाचकास विनामूल्य खुले केले. आप्तवाक्याचा दाखला मागण्याची सोय तेव्हापासून आपल्या दारी आली आहे. दाखला मागण्याची सवय मात्र अजून यायची आहे.

आता ‘कॅन्सर होईल’ या वाक्याचीच रुजुवात करून पाहू. योगायोग असा की या प्रश्नाचे जगातील एक अत्यंत मोलाचे उत्तर बीडच्या शेजारच्याच जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत आणि आजच्या धाराशिवात, मिळाले. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि कर्करोग संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेल्या ५२ ग्रामसमूहांची चार गटांत विभागणी केली. एका गटात एचपीव्ही या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी गर्भाशयमुखाची पाहणी, आणि चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था. आणि मग आठ वर्षे किती जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दगावल्या याची नोंद ठेवली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नेहमीच्या व्यवस्थेतील ३१,४८८ स्त्रियांत ६४ मृत्यू, तर विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच देऊ केलेल्या गटातील ३४,१२६ स्त्रियांत ३४. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. तथापि डोळ्यांनी पाहण्याच्या पद्धतीने मुंबईच्या वस्त्यांत आणि तमिळनाडूतील दिंडिगुल जिल्ह्यात मात्र मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, यावरून एका प्रयोगावर विसंबून कोणत्याही पद्धतीस कायमची सनद देऊ नये किंवा ती रद्दही करू नये, हे ध्यानात यावे. नेहमीच्या व्यवस्थेत ठेवलेल्या स्त्रियांना तपासणीपासून वंचित राखणे नीतीला धरून होते काय, हा वाद पुढे झाला, आणि तो व्हावयासच हवा होता. ज्या ज्ञानाचा आपण आज आधार घेतो, त्याची किंमत त्या चौसष्ट घरांनी मोजली आहे.

पण आपल्या प्रकरणाच्या दृष्टीने या आकड्यांत दडलेली गोष्ट निराळी आहे. मृत्यू निम्म्यावर आले हे खरेच. पण कशाच्या निम्म्यावर, हे पाहा. तपासणी न झालेल्या हजार ग्रामीण स्त्रियांत आठ वर्षांत दोन मृत्यू, तपासणीच्या गटात एक. ज्या रोगाच्या धाकाने बीडमधील ऊसतोड स्त्रियांत हजारी एकशे अडुसष्ट गर्भाशये निघाली, त्या रोगाने मरण्याची शक्यता, शेजारच्या जिल्ह्यात, तशाच दुष्काळी मुलखात, काहीही न करता आठ वर्षांत हजारी दोन होती. आणि तीही निम्म्याने कमी करण्यास विषाणूची एक चाचणी आणि दोष आढळल्यास त्याचा वेळीच उपचार पुरेसा होता. वयोगट थोडे वेगळे आहेत, मुदतही सारखी नाही, आणि गर्भाशयाचे दुसरेही कर्करोग असतात, हे मान्य करूनही, निव्वळ पांढरे जाते म्हणून तिशीतल्या बाईला कॅन्सरची भीती घालून शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेणे हे शास्त्र नव्हे, असे म्हणण्यास मला कोणताही संकोच वाटत नाही.

मग त्या बाईचे दुखणे खोटे होते काय? मुळीच नाही, आणि येथे महाराष्ट्र-गोव्यातील दोन अभ्यास एकमेकांशेजारी मांडून वाचावे लागतात. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची रीतसर तपासणी केली आणि १९८९ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग असल्याचे, दरडोई सरासरी ३.६ रोग असल्याचे आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात आठच असल्याचे जगाला समजले. बाळंतपणापलीकडे स्त्रीला शरीर असते, हे सार्वजनिक आरोग्याच्या दप्तरात त्या निबंधाने प्रथम नोंदवले. पुढे २००१ नंतर गोव्यात हळदोणे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयाच्या २,४९४ स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या आणि जंतुसंसर्गाच्या प्रयोगशाळेतील चाचण्याही केल्या. शंभरात सुमारे पंधरा जणींनी पांढरे जाण्याची तक्रार सांगितली. आणि या तक्रारीचा दाट संबंध जंतुसंसर्गापेक्षा उदासीनता, चिंता, अंगभर पसरलेला शीण आणि घरातील ताण यांच्याशी निघाला.

घाईचा वाचक म्हणेल की एक अभ्यास दुसऱ्यास खोटे पाडतो. तसे नाही. गडचिरोलीत प्रश्न विचारला होता तो रोग किती आहेत असा. गोव्यात विचारला होता तो तक्रार कोण करते असा. रोग असूनही मुकाट राहणाऱ्या स्त्रिया असतात आणि जंतूंचा मागमूस नसतानाही खरोखर पिडलेल्या स्त्रिया असतात, आणि दोन्ही प्रकारच्या स्त्रिया एकाच फडात मोळ्या वाहत असतात. उदासीनतेमुळे तक्रार उद्भवते की तक्रारीच्या चिंतेने उदासीनता, हेही एकदाच केलेल्या पाहणीतून ठरत नाही. पण एवढे मात्र ठरते की अंगावरून जाते असे सांगणाऱ्या बाईची योनिमार्गाची तपासणी न करता आणि तिला झोप लागते काय, मन लागते काय, घरी मारहाण होते काय हे न विचारता, केवळ सोनोग्राफीच्या कागदावर गर्भाशय काढण्याचा निर्णय घेणे म्हणजे मुद्द्याची साक्ष न घेताच निवाडा देणे होय. संसर्ग असेल तर गोळ्यांनी तो जातो; मन खचले असेल तर गर्भाशय काढून ते उभे राहत नाही.

जेथे रक्तस्राव खरोखरच असह्य आहे, तेथील पुरावा अधिक गुंतागुंतीचा आहे आणि तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. फिनलंडमध्ये अतिरिक्त रक्तस्रावाने त्रस्त २३६ स्त्रियांपैकी निम्म्यांना चिठ्ठीने गर्भाशय काढण्याचा उपचार मिळाला आणि निम्म्यांना संप्रेरक स्रवणारे, तांबीप्रमाणे आत बसवायचे साधन. वर्षाअखेर दोन्ही गटांचे जीवनमान सारखेच सुधारले होते. पाच वर्षांनी साधनाच्या गटातील ४२ टक्के स्त्रियांनीही शेवटी शस्त्रक्रिया करून घेतली होती, तरी एकूण खर्च त्याच गटाचा कमी राहिला. दोन्ही पक्षांचे वकील हा प्रयोग आपल्या बाजूने मांडू शकतील. माझ्या मते त्याचे सरळ तात्पर्य असे की आधी साधन द्यावे, म्हणजे शंभरातील अठ्ठावन्न जणींची शस्त्रक्रिया निदान पाच वर्षे तरी टळते, आणि उरलेल्यांना ती करून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते हे तरी निश्चित होते.

शस्त्रक्रियेनंतरच्या मनःस्थितीविषयी अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी १९८० ते २००२ या काळात, बीजांडकोश शाबूत ठेवून गर्भाशय काढलेल्या २,०९४ स्त्रियांचे कागदपत्र तितक्याच समवयस्क स्त्रियांशी ताडले. पूर्वीचे आजार हिशेबात घेऊनही पुढील आयुष्यात नैराश्याचा संभव २६ टक्क्यांनी आणि चिंताविकाराचा २२ टक्क्यांनी अधिक निघाला. पस्तिशीच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत नैराश्याचा संभव ४७ टक्क्यांनी वाढलेला होता. सव्वीस टक्के ऐकून दचकण्यापूर्वी हेही पाहावे की तीस वर्षांत प्रत्यक्षात भर पडली ती शंभरात सहा-सात जणींची. शिवाय येथे चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या, आणि अशा नुसत्या निरीक्षणाने वैद्यक एकदा चांगलेच ठकले आहे. पाळी गेलेल्या स्त्रियांना संप्रेरके दिली की हृदय सुरक्षित राहते, असे कित्येक वर्षे निरीक्षणावरून मानले जात असे. २००२ च्या जुलैत १६,६०८ अमेरिकन स्त्रियांवरील चिठ्ठीबद्ध प्रयोग मध्येच थांबवावा लागला, कारण संप्रेरके घेणाऱ्यांत हृदयविकार आणि स्तनांचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले. पूर्वी जे औषधाचे यश वाटले, त्यातील पुष्कळसे श्रेय ते औषध मिळवू शकणाऱ्या सुस्थित, स्वतःची काळजी घेणाऱ्या स्त्रियांच्या राहणीचे होते. म्हणून मेयोचा निष्कर्ष मी सिद्धान्त म्हणून नव्हे, तर पूर्वसूचना म्हणून घेतो. पण विशी-तिशीतल्या बाईचे गर्भाशय काढणाऱ्याने ही पूर्वसूचना तिला सांगितलीच पाहिजे. बीजांडकोशही सोबत काढले असतील तर रजोनिवृत्ती एका दिवसात ओढवते, हाडे लवकर ठिसूळ होतात, आणि तिला मात्र दुसऱ्या हंगामी पुन्हा डोक्यावर मोळी घ्यायची असते.

मनाच्या दुखण्यावर खेड्यात कोण उपचार करणार, हा आक्षेप नेहमीचा. त्याचे उत्तरही गोव्याने दिले आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्यापैकी तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांना, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या परंतु प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत बोलते केले, हळूहळू पुन्हा कामाला व माणसांत लावले. तीन महिन्यांनी त्यांच्यातील ६४ टक्के नैराश्यमुक्त होते, तर नेहमीच्या उपचाराच्या गटात ३९ टक्के. याआधीच्या एका मोठ्या प्रयोगात अशा मदतीचा लाभ सरकारी केंद्रांत दिसला, खासगी दवाखान्यांत दिसला नाही, हेही नोंदण्याजोगे आहे. उलटपक्षी, स्त्रियांना नुसती माहिती दिली की त्या शस्त्रक्रिया टाळतील, या समजुतीची गुजरातेत ‘सेवा’ संस्थेच्या विमेदार स्त्रियांत परीक्षा झाली, तेव्हा व्याख्यानांनी दवाखान्यात भरती होण्याचे प्रमाण बदलले नाही. ज्या बाईचा एका दिवसाचा खाडा पती-पत्नी दोघांच्या हिशेबाला लागतो, तिच्यापुढे माहितीचा चार्ट धरून काय होणार? पाळी म्हणजेच अडचण ठरवणारी मजुरीची रीत जोवर तशीच आहे, तोवर पिशवी काढणे हा त्या बाईच्या बाजूने पाहिले तर अविचार नसून हिशेब आहे; आणि तो हिशेब तिने एकटीने मांडलेला नाही.

२०१९ नंतर बीड जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले. सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर निकाल देताना, अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचा हुकूम सर्व राज्यांना केला. परवानगीचा कागद उपयोगी आहे, पण तो शस्त्रक्रियेपूर्वीची गोष्ट पाहतो. ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली, त्या १३,८६१ स्त्रियांपर्यंत तो पोहोचत नाही, आणि त्यांतील कित्येक लिंबागणेशासारख्या गावांतून फडावर जातात. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय याच जिल्ह्यात आहे. त्याच्या अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी या स्त्रियांची हाडे, हृदय आणि मन यांची, तितक्याच वयाच्या, शस्त्रक्रिया न झालेल्या ऊसतोड स्त्रियांशी ताडून, दहा-वीस वर्षे सलग नोंद ठेवावी. आणि त्यातून जे निघेल ते मराठीत, या स्त्रियांना प्रथम, आणि मग जगाला सांगावे.